एकाच वाऱ्याच्या दोन आपत्ती : 2010 सालचा रशियातला उन्हाळा आणि पाकिस्तानातला महापूर

29 जुलै 2010, गुरुवार. मॉस्कोत पारा 38.2 अंश सेल्सिअसवर गेला. त्या उन्हाळ्याआधीचा विक्रम 36.8 अंशांचा, 1920 सालचा, म्हणजे नव्वद वर्षं टिकलेला. त्याच दिवशी निझनी नोव्हगोरोद प्रांतातल्या वेर्खन्याया वेरेया या गावात जंगलातून वणवा शिरला आणि तीनशेहून अधिक घरांचं अख्खं गाव जळून गेलं. त्याच दिवशी फिनलंडमध्ये योएन्सू इथे 37.2 अंशांची नोंद झाली, त्या देशातला आजवरचा उच्चांक. आणि त्याच दिवशी, मॉस्कोपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर, पेशावरमध्ये चोवीस तासांत 274 मिलिमीटर पाऊस कोसळला.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत या गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत आल्या. रशियाची आग एकीकडे, पाकिस्तानचा पूर दुसरीकडे. मदतीचे हिशोब वेगळे, तज्ज्ञ वेगळे, चर्चाही वेगळ्या. मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं ते यासाठी की या आपत्ती वेगळ्या नव्हत्या. वातावरणातल्या एकाच अडथळ्याची ती दोन टोकं होती. आणि दोन्ही टोकांना माणसं मेली ती केवळ हवामानामुळे नाही, तर जमिनीवर आधीच होऊन बसलेल्या गोष्टींमुळे.

वारा अडला म्हणजे काय झालं

जमिनीपासून दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. सपाट मैदानातली नदी जशी वळणं घेत जाते तसाच हा प्रवाहही कधी उत्तरेकडे, कधी दक्षिणेकडे वळतो. एरवी ही वळणं पूर्वेकडे सरकत राहतात, म्हणून हवा बदलते: चार दिवस ऊन, दोन दिवस पाऊस. पण कधी कधी एखादं वळण इतकं मोठं होतं की ते जागचं हलतच नाही. हवामानशास्त्रात याला अवरोध म्हणतात.

2010च्या उन्हाळ्यात असा अवरोध पश्चिम रशियावर बसला आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत बसूनच राहिला. उत्तरेकडे फुगलेल्या त्या वळणाखाली जास्त दाबाचं क्षेत्र तयार झालं. अशा क्षेत्रात हवा वरून खाली उतरते, उतरताना दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. ढग धरत नाहीत. अटलांटिककडून येणाऱ्या पावसाच्या प्रणाली वळसा घालून निघून जातात. एखादा आठवडा असं झालं तर लोक त्याला छान उन्हाळा म्हणतात. इथे ते सहा आठवड्यांहून अधिक चाललं.

त्यात माती कोरडी होती. ओल्या जमिनीवर सूर्याची बरीचशी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. माती वाळली की तीच ऊर्जा थेट हवा तापवते, तापलेली हवा मातीतला उरलासुरला ओलावा ओढून घेते आणि माती आणखी वाळते. हे चक्र एकदा सुरू झालं की उष्णतेची लाट स्वतःच स्वतःला पोसू लागते. मॉस्कोतलं जुलैचं सरासरी तापमान त्या वर्षी 26 अंशांच्या आसपास होतं, नेहमीपेक्षा सात-आठ अंशांनी जास्त. एखाद्या दिवसाचं तापमान आठ अंशांनी चढणं वेगळं आणि अख्ख्या महिन्याची सरासरी तेवढी चढणं वेगळं. माझ्या मते 38.2 या आकड्यापेक्षा हा सरासरीचा आकडा जास्त भयंकर आहे.

आता त्याच वळणाची पूर्वेकडची बाजू पाहा. उत्तरेकडे चढलेला प्रवाह पुढे दक्षिणेकडे उतरतो. या वेळी तो इतका खाली उतरला की वरच्या थरातल्या थंड हवेचा एक द्रोण उत्तर पाकिस्तानच्या डोक्यावर येऊन थांबला. तो मोसमी पावसाचा ऐन हंगाम होता. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा हिंदुकुश आणि हिमालयाच्या उतारांशी पोहोचली होती. खालून ओली हवा, समोर डोंगर, वर थंड द्रोण. हवेला वर जाण्यावाचून वाट उरली नाही. वायव्येकडच्या या डोंगराळ भागाला मोसमी पाऊस एरवी जाता जाता शिंपडून जातो. या वेळी तो तिथेच ओतला गेला. नासाचे विल्यम लाउ आणि क्यु-म्युंग किम यांनी नंतर या दोन घटनांमधला दुवा तपशीलवार मांडला, इतर अभ्यासकांनीही तो वेगवेगळ्या बाजूंनी तपासला.

इथे एक सावधगिरी हवी. त्याच ऑगस्टमध्ये, 5 तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमाराला लेहमध्ये ढगफुटी होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली. 7 तारखेच्या रात्री चीनच्या गान्सू प्रांतातल्या झोउछू इथे डोंगर चिखल होऊन गावावर आला, तिथे मृत आणि बेपत्ता मिळून 1,700च्या वर माणसं गेली. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घडलेल्या या घटना त्याच माळेत ओवायचा मोह होतो. तो मी टाळतो. एवढ्या छोट्या जागेवर, एवढ्या थोड्या वेळात कोसळलेल्या पावसाला स्थानिक कारणं पुष्कळ असतात. रशिया आणि पाकिस्तान यांच्यातला दुवा मात्र नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो.

जमिनीखालची आग

मॉस्कोच्या धुराची गोष्ट जुलैत सुरू होत नाही, ती विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात सुरू होते. शहराच्या पूर्वेला पीटच्या दलदली आहेत. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली राहून अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे आणि वनस्पतींचे थर. वाळवलं की ते जळणासारखं वापरता येतं. क्रांतीनंतरच्या विद्युतीकरणाच्या योजनेत शातुरा इथे पीटवर चालणारं वीजकेंद्र उभं राहिलं, आणि पीट काढण्यासाठी दलदलींत चर खणून पाणी काढून टाकण्यात आलं. काही दलदली शेतीसाठी सुकवल्या गेल्या. पुढे तेल आणि वायू आले, पीटची गरज संपली. चर तसेच राहिले, त्यांतून पाणी वाहून जात राहिलं आणि कोरडा पीट तिथेच पडून राहिला.

पीटची आग ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना ती समजावणं कठीण आहे. ज्वाळा फारशा दिसत नाहीत. आग जमिनीखाली धुमसत, सरकत जाते, वरची झाडं मुळं जळून आडवी होतात. हेलिकॉप्टरमधून पाणी टाकून ती विझत नाही, कारण पाणी वरच्या थरातच राहतं. खरा उपाय एकच: ज्या दलदलीतलं पाणी काढलं, तिच्यात ते पुन्हा भरणं. ते काम आठवड्यांचं नाही, वर्षांचं आहे. ऐन ऑगस्टमध्ये पाइप टाकून नद्यांचं पाणी दलदलीकडे नेण्याची धावपळ झाली तेव्हा राजधानी धुरात बुडालेली होती. हवेतला कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या सहापटीच्या वर गेला होता.

दुसरा धागा कायद्याचा. 2007च्या सुरुवातीला रशियात नवी वनसंहिता लागू झाली. तिच्यामुळे केंद्रीय वनरक्षक यंत्रणा मोडीत निघाली आणि जंगलांची जबाबदारी प्रांतांकडे आणि जंगल भाड्याने घेणाऱ्यांकडे गेली. ज्या माणसाचं कामच रोज जंगलात फिरणं होतं, तो माणूस हटला. आग लहान असताना पाहणारे डोळे कमी झाले. वणवे पेटल्यावर रशियात यावरून मोठा वाद झाला, आणि तो रास्त होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मॉस्कोच्या आरोग्य विभागप्रमुखांनी सांगितलं की शहरात एरवी दिवसाला 360 ते 380 मृत्यू होतात, ते आता 700च्या घरात गेले आहेत. पुढच्या अभ्यासात मॉस्कोतल्या त्या 44 दिवसांत, 6 जुलै ते 18 ऑगस्ट या काळात, जवळपास 11,000 जादा मृत्यू मोजले गेले. त्याच अभ्यासातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यांतले दोन हजारांहून अधिक मृत्यू नुसत्या उष्णतेचे नव्हते की नुसत्या धुराचे नव्हते, ते दोन्ही एकत्र आल्याचे होते. उकाड्यात खिडकी उघडावी तर धूर आत येतो, धुरासाठी बंद करावी तर घराची भट्टी होते. थंड प्रदेशात, ऊब टिकवण्यासाठी बांधलेल्या घरांत, एकट्या राहणाऱ्या वृद्धांपुढे त्या उन्हाळ्यात हा पेच होता. संपूर्ण रशियासाठी जादा मृत्यूंचा अंदाज 55,000च्या आसपास दिला जातो. वणव्यांत थेट मेलेल्यांची संख्या याच्या तुलनेत फार थोडी होती. चित्रफिती मात्र सगळ्या वणव्यांच्याच होत्या. उष्णता माणसाला आवाज न करता मारते, म्हणून तिचा हिशोब नेहमी उशिरा लागतो.

आणि गहू. 2009 साली रशियाचं धान्य उत्पादन सुमारे 9 कोटी 70 लाख टन होतं, 2010 साली ते 6 कोटी 10 लाख टनांच्या आसपास आलं. 5 ऑगस्टला पंतप्रधान पुतिन यांनी धान्य निर्यातबंदी जाहीर केली, ती 15 ऑगस्टपासून लागू झाली. जागतिक बाजारात गव्हाचा भाव उसळला. सप्टेंबरच्या पहिल्या तारखांना मोझांबिकची राजधानी मापुटो इथे पाव महागल्यावरून लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, दहाहून अधिक माणसं मेली आणि सरकारला दरवाढ मागे घ्यावी लागली. तिथे इतरही कारणं होती, पाणी आणि विजेचे दरही वाढले होते. अरब जगतातल्या पुढच्या वर्षीच्या उठावांचं मूळ या गव्हात शोधणारेही आहेत. मला ती ओढाताण वाटते. पण व्होल्गाकाठच्या करपलेल्या शेतांचा मापुटोच्या चुलीशी संबंध नव्हता, असंही कुणी म्हणू नये.

डोंगरात काही तास, मैदानात काही आठवडे

पाकिस्तानसाठी ते वर्ष आधीच टोकाचं होतं. 26 मे रोजी सिंधमधल्या मोहेंजोदडो इथे 53.5 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. दोन महिन्यांनी उत्तरेत पाऊस सुरू झाला आणि 28 ते 30 जुलै या तीन दिवसांत खैबर पख्तूनख्वातल्या स्वात, काबूल आणि सिंधू या नद्या एकदमच फुगल्या. स्वातच्या खोऱ्यातले पूल गेले, मुंडा इथलं हेडवर्क्स, म्हणजे नदीचं पाणी कालव्यात वळवणारं बांधकाम, वाहून गेलं. याच खोऱ्यातली लाखो माणसं वर्षभरापूर्वी लष्करी कारवाईमुळे घर सोडून गेली होती आणि परत येऊन पुन्हा संसार मांडत होती.

एकूण मृतांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली, आणि त्यातले निम्म्याहून अधिक याच उत्तरेकडच्या प्रांतातले होते. कारण उघड आहे. अरुंद दऱ्यांत पाणी तासांत चढतं. पंजाब आणि सिंधमध्ये पूर अजस्र होता, पण तो चालत आला. जुलैच्या शेवटी डोंगरात उठलेला लोंढा सिंधूच्या मुखाजवळच्या ठट्टा जिल्ह्यात पोहोचायला ऑगस्टचा शेवट उजाडला. म्हणजे दक्षिणेकडच्या माणसाला नदीनेच चार आठवड्यांची सूचना दिली होती. तरीही तिथे लाखो लोक रातोरात पळाले.

याचं उत्तर बांधांत आहे. सिंधू हिमालयातून अफाट गाळ आणते. दोन्ही तीरांवर बांध घातले की तो गाळ पात्रातच साचतो, पात्र उंचावतं आणि नदी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर वाहू लागते. मग बांध फुटला की पाणी परत नदीत येऊ शकत नाही. सिंधूवरचं सक्कर बॅरेज, म्हणजे दारं असलेला बंधारा, 1932 साली सुरू झालं तेव्हा ते 15 लाख क्युसेकसाठी (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) बांधलं होतं, पण पुढे काही दारं कायमची बंद केल्याने क्षमता 9 लाखांवर आली. 2010 साली तिथून सुमारे 11 लाख क्युसेक पाणी गेलं. बॅरेज टिकलं. त्याच्या वरच्या अंगाला, गुड्डू बॅरेज आणि सक्करच्या मधला तोरी बांध मात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी फुटला, आणि सिंधूच्या उजव्या तीरावर, जिथे पुराची कुणी कल्पनाही केली नव्हती अशा जाकोबाबादच्या आणि बलुचिस्तानच्या बाजूला पाणी पसरलं. नदीपासून दूर राहणाऱ्यांना नदीची सूचना कशी कळणार? प्रभावशाली लोकांच्या जमिनी वाचवण्यासाठी ठिकठिकाणी बांध फोडल्याचे आरोप झाले, चौकशी आयोग बसले. पंजाबमध्ये न्यायमूर्ती मन्सूर अली शाह यांच्या न्यायाधिकरणाने पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले.

सुमारे दोन कोटी माणसांना या पुराचा फटका बसला. सोळा लाखांहून अधिक घरं पडली किंवा खिळखिळी झाली. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेने नुकसानीचा अंदाज 9.7 अब्ज डॉलर काढला. सिंधच्या काही भागांत पाणी महिनोन्‌महिने हटलंच नाही.

दोष कुणाचा : दोन उत्तरं, दोन्ही खरी

रशियातल्या उष्णतेमागे तापमानवाढ किती, यावर शास्त्रज्ञांत जाहीर मतभेद झाले. 2011च्या सुरुवातीला अमेरिकेच्या सागरी आणि वातावरणीय संस्थेतल्या रँडल डोल आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की ही लाट मुख्यतः नैसर्गिक चढउतारातून, म्हणजे त्या अवरोधातून आली. त्याच वर्षी जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या स्टेफान राम्स्टोर्फ आणि डिम कुमू यांनी मांडलं की तापमानवाढ नसती तर जुलैचा तो विक्रम झालाच नसता, याची शक्यता 80 टक्के. वाचणाऱ्याला वाटलं, दोघांपैकी एक चुकतो आहे.

2012 साली फ्रीडेरिके ऑटो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुणीच चुकत नव्हतं. प्रश्न दोन होते. पहिला: नेहमीपेक्षा सात-आठ अंश जास्त, त्यातले तापमानवाढीचे किती? थोडे, बाकीचे अवरोधाचे. दुसरा: अशी लाट किती वर्षांतून एकदा येईल? इथे तापमानवाढीने मोठा फरक पडतो, त्यांच्या हिशोबाने शक्यता सुमारे तिपटीने वाढली होती. समजा एखादी नदी दर पावसाळ्यात चढते आणि तिची नेहमीची पातळी कुणी हातभर वाढवली. पूर आला तर त्यातलं बहुतेक पाणी पावसाचंच असेल. पण उंबरठा ओलांडणारे पूर आता पूर्वीपेक्षा कितीतरी वेळा येतील. मला हे प्रकरण यासाठीही मोलाचं वाटतं की एका आपत्तीचं कारण विचारताना नक्की काय विचारतो आहोत, हे आधी ठरवावं लागतं, हे इथे स्वच्छ दिसलं.

अंदाज होता

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातले पीटर वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी नंतर मागे जाऊन पाहिलं की पाकिस्तानातला पाऊस आधी ओळखता आला असता का. त्यांनी इंग्लंडमधल्या रेडिंग इथल्या युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचे त्या दिवसांतले आकडे काढले. हे केंद्र एकच अंदाज करत नाही. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून पन्नासच्या आसपास अंदाज चालवतं, आणि त्यातले बहुतेक एकाच दिशेला गेले की खात्री वाढते. जुलैच्या त्या अतिवृष्टीची मोठी शक्यता या आकड्यांत सहा ते आठ दिवस आधीपासून दिसत होती.

म्हणजे स्वातच्या काठावरचा शेतकरी 22-23 जुलैला आपल्या कामात असताना, त्याच्या डोक्यावर काय कोसळणार याचा आकडा एका संगणकात तयार होता. तो आकडा त्याच्यापर्यंत यायला मध्ये बऱ्याच पायऱ्या लागतात: पाऊस किती यावरून कुठल्या नदीत किती पाणी येईल हे काढणारी यंत्रणा, ते खोऱ्याच्या नकाशावर उतरवणारी माणसं, जिल्हा प्रशासन, आणि शेवटी गावात ज्याच्या सांगण्यावर लोक उठतील असा कुणीतरी. यातली एक पायरी नसली तरी वरच्या सगळ्या व्यर्थ. त्या आठवड्यात रेडिंग आणि स्वात यांच्यात ही साखळी नव्हती.

हे अशक्य नव्हतं. वेबस्टर यांच्याच गटाने त्याआधी बांगलादेशात ही साखळी बांधून दाखवली होती. 2007 साली ब्रह्मपुत्रेला मोठे पूर आले तेव्हा त्याच युरोपीय केंद्राच्या आकड्यांवरून दहा दिवस आधी अंदाज काढले गेले आणि निवडलेल्या काही युनियन परिषदांच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांच्या, गावांपर्यंत पोहोचवले गेले. लोकांनी उभं पीक लवकर कापून घेतलं. जनावरं उंचावर नेली. चारा, कोरडं धान्य आणि पिण्याचं पाणी साठवून ठेवलं. नदी आली तेव्हा गावं तिची वाट पाहत होती.